पट्टी सुटली म्हणजे जखम बरी झाली, असे नव्हे



दिवाळी तोंडावर आली आहे. दरवर्षी या अंकात आम्ही फटाके जपून उडवा, असे चार ओळींत लिहून मोकळे होतो. यंदा थोडे अधिक लिहायचे आहे, आणि सुरुवात आमच्या हातून झालेल्या एका चुकीपासून करायची आहे.

एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी आम्ही गणवेश तपासत होतो. सहावीच्या रांगेत एक मुलगी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उभी होती. उन्हाळी गणवेश अर्ध्या बाह्यांचा आहे. आम्ही सर्वांदेखत कारण विचारले. ती काही बोलेना, तेव्हा बाही वर करायला सांगितली. मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत, जरा उंचवट्याची कातडी दिसली. मागून कोणीतरी "ई!" म्हटले. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी तिची आई आली. भांडायला नव्हे, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. जानेवारीच्या थंडीत रॉड लावून तापवलेल्या पाण्याची बादली कलंडली आणि हात भाजला. मलमपट्टी तीन आठवडे चालली. या कातडीला वर्षभर ऊन लागू देऊ नये, असे त्या चिठ्ठीत लिहिले होते. आम्ही मायलेकींची क्षमा मागितली. पण क्षमा आमच्या खोलीत मागितली आणि चूक मैदानात झाली होती. म्हणून आईच्या परवानगीने, नाव न देता, ती इथे लिहीत आहोत.

आमचे मत असे की भाजल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे आपण सगळे दक्ष असतो, पण खरी निष्काळजी पट्टी सुटल्यावर सुरू होते. घरीही आणि शाळेतही.

आम्ही डॉक्टर नाही. पण या प्रसंगानंतर डॉक्टरांकडे बसून जे समजून घेतले, ते प्रत्येक घरात ठाऊक असावे असे वाटते. नुसती लाल झालेली जागा साधारण आठवड्यात बरी होते. फोड आलेल्या जागेला बहुधा दोन ते तीन आठवडे लागतात. तीन आठवड्यांनंतरही जखम भरली नाही, तर व्रण जाड होण्याची शक्यता वाढते आणि तज्ज्ञांना दाखवावेच लागते. वरून जखम भरली तरी आत काम चालूच असते. व्रण पुढचे काही महिने लाल, कडक आणि उंच होत जातो, मग हळूहळू मऊ व सपाट होऊ लागतो. याला वर्ष-दोन वर्षेही लागतात.

भाजल्याबरोबर काय करावे, हे आधी थोडक्यात. त्या जागेवर नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद, शाई काहीही लावू नये. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा नाजूक जागा भाजली असेल, भाजलेला भाग मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठा असेल किंवा वीज अथवा रसायनाने भाजले असेल, तर सरळ दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे.

त्यानंतर घरची पाळी येते. पट्टी बदलण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. पट्टी चिकटली असेल तर ओढू नये, उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवून सोडवावी. फोड घरी फोडू नयेत. आपल्याकडे जळजळते म्हटले की आई पहिली फुंकर घालते. त्यातली माया खरी, पण तोंडातले जंतूही जखमेवर जातात. तेव्हा फुंकर ताकासाठी राखून ठेवावी. लाली पसरू लागली, पू किंवा दुर्गंधी आली, वेदना कमी होण्याऐवजी वाढल्या किंवा ताप आला, तर वाट पाहू नये. लहान मुलाला ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा सुस्ती आली तर त्याच दिवशी, ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे, जखम कितीही लहान दिसत असली तरी.

जेवणाचे परहेज हा आणखी एक घोळ. आंबट देऊ नको, जखम चिघळेल, असे वडीलधारी सांगतात. प्रत्यक्षात कातडी भरून यायला डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने लागतात, आणि लिंबू, आवळा, संत्रे यांतले क जीवनसत्त्वही लागते. आजारी माणसाला पथ्य म्हणून उपाशी ठेवणे म्हणजे गवंड्याला विटा न देता भिंत बांध म्हणणे होय.

जखम पूर्ण मिटल्यावर नवी कातडी कोरडी पडते, कारण तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथी नीट काम करीत नाहीत. म्हणून वास नसलेले साधे क्रीम किंवा पेट्रोलियम जेली दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने चोळावी. खाज फार येते, रात्री तर मूल रडकुंडीला येते. रागावून ती थांबत नाही. नखे कापलेली ठेवावीत, सुती सैल कपडे घालावेत, गार ओले फडके ठेवावे, तरीही न थांबल्यास डॉक्टरांकडून औषध घ्यावे. सांध्यावर भाजले असेल तर मूल तो सांधा आखडून धरते, कारण तसे बरे वाटते. पण ज्या स्थितीत बरे वाटते, त्याच स्थितीत तो आखडून बसतो. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, दाबपट्टी, सिलिकॉनचे जेल महिनोन्महिने चालवावे लागते. मूल कुरकुरते म्हणून ते सोडू नये.

आणि ऊन. नव्या कातडीला ऊन लागले की ती लवकर भाजते आणि काळपट डाग पडतो, तो कायमचाही राहू शकतो. निदान वर्षभर ती कपड्याने झाकावी. जिथे झाकता येत नाही तिथे, जखम पूर्ण मिटलेली असल्यास, एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून अधिकचे क्रीम लावावे. आपल्या इंदूरात दिवाळीला भाजलेले मूल रंगपंचमीला हिंडते-फिरते असते. राजवाड्याची गेर पाहायला नेण्याचा मोह होतो. पण मार्चचे ऊन आणि गुलाल, दोन्ही त्या कातडीला सोसणारे नाहीत. एक वर्ष घराच्या गच्चीतून रंग पाहावेत.

आता शाळेकडे येतो. घरी आईने महिनोन्महिने जपलेली कातडी आम्ही शिस्तीच्या नावाखाली दहा मिनिटांत उन्हात उभी केली. काही सहकारी म्हणतात, एकाला सवलत दिली की सगळेच मागतील. हा प्रश्न आम्ही नाकारत नाही, इतकी वर्षे आम्हीही हेच म्हणत आलो. पण चष्मा लागलेल्या मुलाला आपण पुढच्या बाकावर बसवतो, तेव्हा सगळा वर्ग पुढे बसायला येत नाही. कारण ठाऊक असले की मुलांना न्याय कळतो. नियम सर्वांना सारखा असावा, पण तो पाळण्याची किंमत सर्वांना सारखी पडते का, हे पाहणे मुख्याध्यापकाचे काम आहे. आम्ही ते पाहिले नाही.

विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेत आम्ही तीन सूचना ठेवणार आहोत. भाजलेल्या विद्यार्थ्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वर्षभर पूर्ण बाह्या किंवा पूर्ण पँट चालावी. प्रार्थना आणि खेळाच्या तासाला त्याने व्हरांड्याच्या सावलीत उभे राहावे, आणि क्रीम लावायला मधल्या सुटीत एक खोली मोकळी असावी. गणवेशातील फरकाचे कारण कोणाही मुलाला रांगेत विचारू नये, खोलीत बोलावून विचारावे. यात खर्च जवळजवळ काहीच नाही.

पालकांना विनंती, झाल्या प्रकाराची लाज बाळगू नका. बादली कुणाच्याही घरी कलंडू शकते. चिठ्ठी पहिल्याच दिवशी आणून द्या. आणि मुलांनो, भाजलेला व्रण शिवल्याने कुणाला काही होत नाही. तो दिसला तर नजर वळवू नका, खोदून विचारूही नका. डबा खायला शेजारी बसा.

ती मुलगी आता रोज शाळेत येते. पूर्ण बाह्यांत, व्हरांड्यातून प्रार्थना म्हणते. तिच्या शेजारी दोन मैत्रिणीही उभ्या असतात, त्यांच्याकडे कुठलीच चिठ्ठी नाही. आम्ही त्यांना अजून रांगेत परत पाठवलेले नाही.