मुलांच्या हाती दिलेले मोठ्यांचे पुस्तक

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, हा मास्तर कर्जाच्या गोष्टी काय काढून बसला, असे वाचकांना वाटेल. पण मी बोलतो आहे ते पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांच्या फडताळात असेल. बक्षीस म्हणून आलेले, पहिल्या पानावर शाळेचा शिक्का असलेले. 'श्यामची आई' मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी प्रथम वाचले.

मास्तराने, त्यातून दोनचार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाने, असे कबूल करताना लाजावे. मी लाजत नाही. माझे बालपण लोहाऱ्याच्या अंगाला, सास्तूरजवळच्या एका गावात गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होतो. पुढची वर्षे पत्र्याच्या शेडात गेली, शाळाही पत्र्याचीच. हाती पाठ्यपुस्तक येई हेच नवल! शिक्षण मॅट्रिकशी थांबले. आणि 1935 साली हे पुस्तक छापून निघाले तेव्हा आमचा मुलूख निजामाचा. वरच्या शाळेची भाषा उर्दू. आजोबांपर्यंत ते पोचणार कसे? आमच्या घरी एवढेच ठाऊक होते, की हे पुस्तक वाचून रडायचे असते. अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. पण आमच्याकडे त्याची कीर्ती पोचली ती पदकाची नव्हे, ओल्या पदरांची.

मी वाचले आणि मला रडू आले नाही. राग आला. पुस्तकाचा नव्हे; ते ज्या रीतीने आपण पोरांच्या हाती ठेवतो त्या रीतीचा.

'आईची महती सांगणारे संस्कारांचे पुस्तक' असे म्हणून आपण मोकळे होतो. अहो, ही एका बुडत्या घराची कहाणी आहे. एके काळचे खोताचे घर. कोर्टकज्जे, वाटणी, डोक्यावर वाढत जाणारे कर्ज. साहुकाराचा माणूस वसुलीला दारात येतो, नको ते बोलतो. शेवटी घरावर जप्ती येते, आणि ती माउली खंगून जाते. पोहायला भिणाऱ्या श्यामला आई फोकाने मारते तो प्रसंग आपण स्पर्धेत पाठ म्हणून घेतो. मोळीवाल्या महार म्हातारीला हात द्यायला ती पोराला सांगते, तो वगळला तरी कोणाच्या ध्यानी येत नाही. कर्जाचा प्रसंग पाठ म्हणणारे पोर मी एकदाही ऐकलेले नाही. साने गुरुजींनी यातला बहुतेक भाग 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला. सरकारशी भांडून गजाआड बसलेला माणूस काय केवळ आज्ञाधारक मुले घडवायला लेखणी उचलतो?

काही विद्वान याला रडके पुस्तक म्हणतात. त्यांच्या ओट्यावर वसुलीवाला कधी बसला नसावा. आमच्या बसला होता. मी बारा वर्षांचा. वडील गोठ्यात बैलाशी उगाच खटपट करीत राहिले, आणि आईने त्या माणसाला चहा करून दिला. घरातली उरलीसुरली साखर त्यात गेली. त्याने चहा घेतला आणि मग बोलायचे ते बोललाच. ते शब्द मी कोणत्याही कादंबरीत लिहिलेले नाहीत.

म्हणतील, मुलांना कर्ज काय कळते? सोयाबीनचा भाव पडला की वहीचा हट्ट धरायचा नाही, हे ज्याला न सांगता उमगते त्या लोहाऱ्याच्या पोराला कर्ज कळत नाही? कळून घ्यायचे नसते ते आपल्याला. आईवर प्रेम करा, असे पोराला बजावायचे. आणि त्या आईला विचारल्यावाचून लग्नाच्या मांडवासाठी रान गहाण टाकायचे. त्या बापाच्या हाती हे पुस्तक कोणी देत नाही. बक्षीस नेहमी पोराला!

यंदा पालकसभेत मी भाषण केले नाही. जप्तीचे प्रकरण वाचून दाखवले. पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरून ऐकत राहिल्या. मागे बसलेले एक गृहस्थ अर्ध्यातच उठून गेले. मुख्याध्यापक माझ्यावर नाराज झाले.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ शाळेच्या फाटकाशी उभे होते. ''ते पुस्तक जरा द्या गुरुजी,'' म्हणाले. नेऊन दोन महिने झाले. अजून परत आलेले नाही, आणि मी मागितलेलेही नाही.