चाक गेलं, सायकल हाये ना!

चोरीचे दोन प्रकार असतात : घाऊक आणि किरकोळ. मोटार, स्कूटर, म्हैस आणि देवळातली दानपेटी या घाऊकीत जाणाऱ्या वस्तू. गेली की सगळीच गेली. मालक एकदाच डोक्याला हात लावतो, एकदाच पोलिसात जातो आणि शेजारीपाजारी सांत्वनाचा चहा एकदाच पिऊन जातात. सायकल मात्र किरकोळीत जाते. आधी व्हॉल्व्हची टोपी जाते. मग घंटीची वरची वाटी जाते आणि खालचा खुळखुळा तेवढा आपल्याला आठवण म्हणून ठेवतात. मग मागचा लाल डोळा, मग पंप, मग सीट. आणि एके दिवशी मालक येऊन बघतो तर पुढचं चाकच नाही. सायकल चिमटा जमिनीला टेकवून, साष्टांग नमस्काराच्या पवित्र्यात मालकाची वाट बघत असते.

या शास्त्राचा अभ्यास आम्हां बँकवाल्यांना घरबसल्या होतो. काउंटरवरचं पेन आम्ही दोरीनं बांधून ठेवतो, हे आपण पाहिलंच असेल. त्यावर लोक विनोदही करतात की लाखो रुपये ज्यांच्या विश्वासावर ठेवायचे ते दोन रुपयांच्या पेनाला दावं लावतात. पण राजेहो, ते पेन आजवर कोणी नेलेलं नाही. आतली रिफील नेतात. दोरी शाबूत, पेन शाबूत, लिहिणं तेवढं बंद. कुलूप लावलेल्या सायकलीचंही हेच होतं.

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर नांदगाव पेठ लागतं. एमआयडीसी आहे, कापडाचे कारखाने आहेत, टोलनाका आहे. शिफ्ट सुटली की मोटारसायकलींचा लोंढा पुढे निघतो आणि त्याच्या मागं, डबा हँडलला अडकवलेले सायकलवाले. यातल्या एखाद्याचं चाक गेलं की भोवती जमणारी मंडळी त्याची जी उलटतपासणी घेतात, ती ऐकण्यासारखी असते.

"काऊन गा, कुलूप नव्हतं लावलं काय?"

"लावलं व्हतं ना. मांगच्या चाकाले."

"मंग पुढच्याले काऊन नाई लावलं?"

"आता दोन-दोन कुलपं कुठून आणू, भाऊ?"

"जाऊ दे ना बाप्पा. चाक गेलं, सायकल त हाये ना!"

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. चोराशी नंतर बघू. चाक नसलेल्या सायकलीला 'सायकल हाये ना' म्हणणं म्हणजे कॅशियरला 'नोटा गेल्या, पेटी आहे ना' म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी भरली तर सगळी शाखा टेबलाखाली वाकून शोधते आणि नाहीच सापडले तर कॅशियर खिशातून भरतो. 'दहाच तर रुपये' असं तिथे कोणी म्हणत नाही. सायकलवाल्याला मात्र 'चाकच तर' असं सगळे म्हणतात, आणि त्यातले बरेचसे मोटारसायकलवर बसून म्हणतात.

आता कुलपाचं म्हणाल, तर आपल्याकडच्या बहुतेक साध्या सायकलींना मागच्या चाकाशी घोड्याच्या नालेसारखं कुलूप असतं. त्याची कांब आऱ्यांमधून आरपार जाते आणि मागचं चाक फिरायचं थांबतं. बस्स. सायकलीवर बसून पळणाऱ्या चोराला ते अडवतं. सायकल खांद्यावर टाकून नेणाऱ्याला अडवत नाही. पुढचं चाक सोडवणाऱ्याच्या तर ते खिजगणतीतही नसतं. पुढचं चाक दोन नटांवर उभं आहे आणि ते काढायला एक पाना लागतो. भारी, गिअरच्या सायकलींना तोही लागत नाही. तुल्लिओ काम्पान्योलो नावाच्या इटालियन शर्यतपटूची बोटं १९२७ साली एका शर्यतीत थंडीनं म्हणे अशी गारठली, की चाकाचे नट सुटेनात. त्यावरून त्यानं एक दांडी ओढताच चाक मोकळं होईल अशी युक्ती शोधली. शर्यतवाल्यांची सोय झाली, आणि ज्यांनी कधी शर्यतीत भाग घेतला नाही पण पळायची घाई नेहमीच असते, अशा एका वर्गाचीही झाली.

यावर उपाय आहेत, आणि ते सांगून टाकतो, म्हणजे 'नुसती टीका करता' असं कोणी म्हणायला नको. दांडीचा सांधा असेल तर तो बदलून साधे नट, किंवा खास किल्लीनंच फिरणारे नट बसवावेत. अमेरिकेत शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) नावाचा एक सायकल-मिस्त्री होऊन गेला. तो सांगत असे की यू आकाराचं मजबूत कुलूप मागच्या चाकाच्या रिममधून घाला, पण सीटखालचा जो मागचा त्रिकोण असतो त्याच्या आत घाला, आणि तेच खांबाभोवती घ्या. मग चाक त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, आणि एका कुलपात चाक व फ्रेम दोन्ही अडकतात. पुढच्या चाकासाठी एक साखळी वेगळी : चाकातून, फ्रेममधून आणि पुन्हा खांबाला. सीट जमल्यास बरोबर न्यावी. डाव्या हातात डबा आणि उजव्या बगलेत सीट घेऊन कामावर जाणारा माणूस दिसला तर हसू नये. तो अनुभवी आहे.

पण या सगळ्या विद्येत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो आपल्या लक्षात आला असेल. खांब. कुलूप मी घेईन, साखळी मी घेईन, पण खांब कुठून आणू? विजेच्या खांबाला बांधली तर समोरचा दुकानदार ओरडतो. झाडाला बांधावी तर झाडाखाली आधीच रसवंती असते. मोटारींसाठी पांढरे पट्टे आखतात, स्कूटरसाठी पाटी लावतात, आणि सायकलीच्या वाट्याला नालीच्या आणि भिंतीच्या मधली फट येते. नांदगाव पेठेवरून जाणाऱ्या याच ५३ क्रमांकाच्या महामार्गावर, अमरावती ते अकोला यांच्या दरम्यान, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव घातलं गेलं. मला त्याचा अभिमान आहे. पण मग जिथे मोटारींच्या पार्किंगला जागा निघते, तिथे जमिनीत एक लोखंडी कमान रोवायला किती तास लागतात, एवढंच विचारायचं आहे.

कोणी म्हणेल, आता सायकल चालवतंच कोण? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जवळजवळ ४५ घरांत सायकल होती आणि मोटार पाच घरांतही नव्हती. त्यानंतर मोटारी वाढल्या असतील, तरी सायकलींची घरं काही ओस पडलेली नाहीत. फरक इतकाच की मोटारवाला सायकल चालवतो ती पोटाचा घेर कमी करायला, आणि हा चालवतो ती पोट भरायला.

मग स्टँडवर ठेवा, असा सल्ला येतो. ठेवतो. स्टँडवाला पैसे घेतो, चिठ्ठी देतो, आणि चिठ्ठीच्या पाठीमागे किंवा डोक्यावरच्या पाटीवर एक अमर वाक्य असतं : 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर ठेवावे.' जबाबदारी माझीच, तर पैसे कशाचे? उन्हात उभं करण्याचे? वाणिज्य शाखेत आम्हांला १८७२ चा करार कायदा पाठ करायला लावत. त्यात 'बेलमेंट' नावाचं एक प्रकरण आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली, की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची, असं १५१ वं कलम सांगतं. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलानं सांभाळायला घेतलेली मोटार १९९८ साली चोरीला गेली. चिठ्ठीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलंच होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं की गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर, स्वतःच्या हलगर्जीपणावर अशा छापील वाक्याचं पांघरूण घालता येणार नाही. मोटारीला न्याय मिळायला एकवीस वर्षं लागली. सायकलीनं तेवढा दम धरला तर तिचं भंगारही शिल्लक राहायचं नाही.

आणि हे वाक्य बदलता येत नाही असं नाही. बँकांचे लॉकर घ्या. तिथेही वर्षानुवर्षं 'आमची जबाबदारी नाही' हाच पाठ होता. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०२२ पासून, आग, चोरी, दरोडा किंवा नोकराची लबाडी यांनी लॉकरमधलं गेलं तर बँकेनं वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरून द्यावं असं ठरलं. बँका बुडाल्या नाहीत, लक्ष ठेवू लागल्या. हाच हिशेब स्टँडला लावा. रोजचे पाच रुपये म्हणजे वर्षाचे १,८२५. त्याच्या शंभरपट १,८२,५००. माझी एवढी हाव नाही. चाक परत द्या, किंवा चाकाचे पैसे द्या.

शेवटचा सल्ला : पोलिसात जा. इथे मात्र विनोद माझ्या हातून निसटतो, कारण सरकारनंच तो आधी करून ठेवला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात चोरी पन्नास रुपयांची असो की पन्नास लाखांची, दखलपात्र होती. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे पोलीस वहीत नोंद करणार आणि तुम्हांला न्यायदंडाधिकाऱ्यांचा रस्ता दाखवणार. त्यांच्या हुकमाशिवाय तपास नाही. चोर सापडून पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. या समाजसेवेला माझा विरोध नाही. पोटासाठी चाक चोरणाऱ्याला तुरुंगात कुजवून कोणाचं भलं झालं आहे? शिक्षा हलकी करा, पण चौकशी हलकी करू नका. चोर सापडलाच नाही तर समाजसेवा करणार कोण? ती सध्या ज्याचं चाक गेलं तो करतो आहे.

आता हा पाच हजारांचा आकडा कसा जुळून आला आहे पहा. मानव विकास कार्यक्रमात राज्य सरकार १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे देतं. ही रक्कम २०२२ साली साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. उत्तम योजना. शाळा लांब असलेली मुलगी त्या सायकलीवर शिकते. पण पाच हजारांची सायकल दुकानातून बाहेर पडली की घसारा सुरू. वर्षाला दहा टक्के धरला तर पहिल्या वाढदिवशी ती साडेचार हजारांची होते, म्हणजे अदखलपात्र होते. एका कायद्यानं दिलेलं दुसऱ्या कायद्याच्या कक्षेबाहेर पडायला वर्षही लागत नाही. आणि सायकल महागडी असली तरी सुटं चाक काही शे रुपयांचंच. बेतानं चोरली तर अख्खी सायकल मासिक हप्त्यांनी नेता येते, आणि प्रत्येक हप्ता पाच हजारांच्या आत!

१९४८ साली इटलीत 'बायसिकल थीव्हज' नावाचा चित्रपट निघाला. भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळालेल्या माणसाची सायकल पहिल्याच दिवशी जाते. सायकल नाही तर नोकरी नाही. पोलीस तक्रार लिहून घेतात आणि शोध तूच घे म्हणतात. जगानं या चित्रपटाला डोक्यावर घेतलं. नांदगाव पेठेत इटालियन कोणाला कळत नसेल, पण तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

कारण चाकाची किंमत पावतीवर नसते. ज्या दिवशी ते जातं त्या दिवसाची शिफ्ट बुडते, दुसऱ्या दिवशी ऑटोचं भाडं पडतं, तिसऱ्या दिवशी मुकादम तोंड वाकडं करतो आणि मुलगी असेल तर घरचे म्हणतात, राहू दे आता शाळा. कायद्यानं मोजायचंच असेल तर हे मोजावं.

मागणी फार मोठी नाही. शाळा, एसटी स्टँड, बाजार आणि कारखान्याच्या फाटकाशी जमिनीत पक्क्या रोवलेल्या कमानी. पैसे घेणाऱ्या स्टँडवर जबाबदारी. आणि फ्रेमवरच्या नंबराची नोंद. जपानात सायकलीची नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. आपल्याकडेही अनेक गावांत नगरपालिका सायकलीला बिल्ला देत असे. आपण कर काढला तसा बिल्लाही काढून टाकला. नुसत्या कुलपावर विसंबून काय होतं ते पुण्यानं पाहिलं आहे. २०१७-१८ मध्ये तिथे कंपन्यांनी भाड्याच्या सायकली आणल्या, प्रत्येकीला इलेक्ट्रॉनिक कुलूप. मोडतोड आणि चोरी यांनी दोनेक वर्षांतच त्यांना टेकीला आणलं.

एक मागणी आपल्याकडेही आहे, वाचकहो. चोरानं नेलेलं चाक तो स्वतःच्या गळ्यात घालून फिरत नाही. कोणीतरी ते 'स्वस्तात मिळालं' म्हणून घेतं. अर्ध्या किमतीत चाक मिळालं तर उरलेली अर्धी किंमत कोणी भरली, एवढा एक प्रश्न विचारा.

आणि पुढच्या वेळी कोणी मोटारसायकलवरून सांत्वन करायला आलं, की 'चाक गेलं, सायकल हाये ना,' तर त्याला शांतपणे सांगा, "हाव भाऊ. पाना हाये माह्यापाशी. तुमचंही एक काढून ठिवतो. गाडी त हाये ना!"