लढतो बंडू, बिल्ला मला

व्हिडिओ गेमच्या विरुद्ध लेख लिहायला फारसं डोकं लागत नाही. डोळे बिघडतात, मान आखडते, अभ्यास बुडतो आणि मुलं हाक मारली तर ओ देत नाहीत, एवढी चार वाक्यं खाली-वर केली की लेख तयार होतो. माझी यातली एकही तक्रार नाही. माझे डोळे लोकांच्या चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात बिघडले. मान ऑफिसातल्या कॉम्प्युटरपुढे आखडली. अभ्यास तर घरात कुठलाही गेम नसताना बुडाला होता. आणि हाक मारली असता ओ न देणं ही कला मी गेली वीस वर्षं काउंटरमागे बसून जोपासली आहे. तेव्हा त्या बाबतीत चिरंजीवांना काही बोलण्याचा नैतिक अधिकार मला नाही.

माझं भांडण वेगळं आहे. ते पोकेमॉनच्या ट्रेनर मंडळींशी आहे.

ज्यांच्या घरी आठवी-नववीतलं मूल नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडा खुलासा. पोकेमॉन म्हणजे पॉकेट मॉन्स्टर्स, खिशातले राक्षस. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात गेम बॉय नावाच्या वीतभर यंत्रावर हा खेळ प्रथम आला. तेव्हा हे प्राणी १५१ होते, आता हजाराच्या वर गेले आहेत. खेळणारा असतो ट्रेनर. त्याने रानावनातून हिंडायचं, प्राणी चेंडूत पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्या ट्रेनरच्या प्राण्यांशी झुंजवायचे. गावोगावच्या आठ जिममधल्या उस्तादांना हरवलं की आठ बिल्ले मिळतात.

बिल्ले मिळतात ते ट्रेनरला. मी बी.कॉम. असल्यामुळे मला इथेच ठेच लागली. नावे कोणाच्या, जमा कोणाच्या, हे पहिल्यांदा बघायचं अशी आमची शिकवण. आग ओकतो प्राणी, पाण्याचे फवारे खातो प्राणी, बेशुद्ध पडतो प्राणी. आणि बिल्ला छातीवर लावून फिरतो टोपीवाला पोरगा. हरलेला ट्रेनर जिंकलेल्याला रोख रक्कम देतो, तीही ट्रेनरच्याच खिशात जाते. प्राण्याला काय मिळतं? तर अनुभव. हा शब्द वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो. आमच्याकडेही कामाचा डोंगर उपसला की क्लार्कला अनुभव मिळतो आणि बढती दुसऱ्या टेबलाला.

पण शत्रूचा अभ्यास केल्याशिवाय शत्रुत्व करू नये. माझ्या मेहुण्याकडे त्याच्या लहानपणचा गेम बॉय होता, पहिल्या भागाच्या कार्ट्रिजसकट. तो मी मागून आणला. "चाळिशी उलटल्यावर माणसं निदान गुडघ्यांसाठी योगासनं तरी करतात," असं सौभाग्यवती म्हणाली. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

खेळ सुरू होतो तोच एका नामांकित प्राध्यापकापासून. गृहस्थ प्राण्यांचा गाढा अभ्यासक. पण समोर उभ्या असलेल्या स्वतःच्या नातवाचं नाव त्याला आठवत नाही, ते तो आपल्याला विचारतो! पुढचं जगही तसंच. बिनकामाचे प्राणी कॉम्प्युटरमधल्या पेटीत ठेवायचे. तिथे शब्द कुठले, तर डिपॉझिट आणि विथड्रॉ. मला अगदी ऑफिसात आल्यासारखं वाटलं. एक पाळणाघर आहे. तिथे प्राणी ठेवला की आपण जसजसं चालू तसतसा तो वाढतो. पण परत घेताना मूळ शंभर आणि वाढलेल्या प्रत्येक पातळीमागे आणखी शंभर येन आपण मोजायचे. ठेवीवर ठेवीदारानेच व्याज भरायचं ही योजना आमच्या वरिष्ठांना अजून सुचलेली नाही. सायकलच्या दुकानात सायकलची किंमत दहा लाख येन, आणि आपल्या पाकिटात जास्तीत जास्त मावतात ९,९९,९९९. एका येनसाठी जन्मभर पायी! मग एका क्लबच्या अध्यक्षांपुढे बसून त्यांच्या लाडक्या प्राण्याचं कौतुक शेवटपर्यंत ऐकलं की ते खूश होऊन सायकलचं व्हाउचर देतात. हा खेळ करणाऱ्याने कुठल्या तरी कचेरीत नोकरी केलेली असणार, अशी माझी खात्री झाली.

आणि मग मी फसलो. डोंगराच्या अलीकडे एक माणूस भेटला. पाचशे येनला एक अद्भुत मासा देतो म्हणाला. रोज लोकांना "अनोळखी माणसाला पैसे देऊ नका" सांगणारा मी, पाचशे येन काढून दिले. पैसे परत मिळणार नाहीत हे त्याने नंतर सांगितलं. माशाचं नाव मॅजिकार्प. त्याला एकच विद्या येते, ती म्हणजे तडफडणं. लढाईत उतरला की तो तडफडतो, आणि याचा काही परिणाम झाला नाही अशा अर्थाची ओळ खाली उमटते. त्या ओळीखाली माझं नाव घातलं असतं तर माझा वार्षिक गोपनीय अहवाल तयार झाला असता.

बहुधा त्यामुळेच जीव गुंतला. नाव द्यायची सोय होती. मी त्याचं नाव ठेवलं बंडू.

बंडूला वाढवणं सोपं नव्हतं. त्याला रांगेत पहिला उभा करायचा, लढाई सुरू झाली की लगेच मागे घ्यायचा आणि दुसऱ्याला पुढे करायचा. म्हणजे लढला दुसरा तरी अनुभव दोघांत वाटला जातो. रात्री जेवणं झाल्यावर मी रोज अर्धा तास बंडूला मैदान दाखवून आणत असे. पंधराव्या पातळीवर तो धडक मारायला शिकला. त्या रात्री मी सौभाग्यवतीला झोपेतून उठवून ही बातमी दिली. तिचं उत्तर इथे देत नाही. आणि विसाव्या पातळीवर पडदा लुकलुकला, आणि बंडूच्या जागी एक अजस्र, जबडा फाडलेला, नागमोडी जलराक्षस उभा राहिला. गॅराडोस! धबधबा चढून गेलेला कार्प मासा ड्रॅगन होतो अशी चीन-जपानकडे जुनी आख्यायिका आहे, ती मला नंतर कळली. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की त्या राक्षसाच्या डोक्यावर अजून 'बंडू' हेच नाव होतं.

मी धावत चिरंजीवांच्या खोलीत गेलो. तो त्याच्या नव्या यंत्रावर नव्या भागातली अंडी उबवत होता. १९९९ पासून या खेळात प्राणी अंडीही घालतात. एक फुटलं. आतून एक गोजिरवाणं पिल्लू आलं. चिरंजीवांनी काहीतरी उघडून पाहिलं, "छ्या" म्हटलं, आणि पिल्लू रानात सोडून दिलं. दुसरं फुटलं. पाहिलं, छ्या, सोडलं.

"अरे, काय करतोयस काय?"

"बाबा, एकतीस नाहीत."

मग मला सगळं प्रकरण समजावून सांगण्यात आलं. प्रत्येक पिल्लू जन्माला येतं ते सहा आकडे घेऊन: जीवनशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. प्रत्येक आकडा शून्य ते एकतीस. आतल्या गोटातले ट्रेनर सहाही ठिकाणी एकतीस लागल्याशिवाय, किंवा त्याच्या अगदी जवळ गेल्याशिवाय, प्राण्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मी सवयीने हिशेब केला. प्रत्येक जागी बत्तीस शक्यता, अशा सहा जागा. म्हणजे नुसत्या नशिबावर सोडलं तर १,०७,३७,४१,८२४ पिल्लांत एक. आईबापांकडून आकडे उतरवून घेण्याच्या युक्त्या आहेत म्हणून हे थोडक्यात भागतं. तरी शेकडो अंडी फोडणारे ट्रेनर आहेत. एक निवडायचा, बाकीचे सोडायचे.

"त्या दिवसात किती सोडलेस?"

"साठेक."

"त्यांची नावं?"

"बाबा, सोडायच्यांना कोण नाव ठेवतं?"

हे वाक्य मला लागलं. वाचकहो, माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ या वाक्यात आहे. ट्रेनर प्राणी झुंजवतो याबद्दल मी एक वेळ त्याला माफ करीन. प्राणी निदान बेशुद्ध पडतो, मरत नाही, आणि दवाखाना फुकट आहे. पण जन्मल्याबरोबर सहा आकडे बघून, नावही न ठेवता, बाहेर? याला वाढवणं म्हणत नाहीत. याला छाननी म्हणतात, आणि ती मी दिवसभर पगार घेऊन करतो.

चिरंजीव म्हणाले, "ते नुसते आकडे आहेत, बाबा. खरे थोडेच आहेत?" अगदी बरोबर. पण मग बेचाळिसाव्या वर्षी बंडू धडक मारायला शिकला म्हणून मी बायकोला का उठवलं? खेळ आकड्यांचाच आहे. पण ज्याने तो रचला त्याने तो आकड्यांसाठी रचला नव्हता. सातोशी ताजिरी हा टोकियोजवळच्या माचिदा गावचा मुलगा. लहानपणी किडे गोळा करायचा, सोबती त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणायचे. पुढे तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या, किडे गेले. किडा सापडल्याचा तो आनंद नव्या मुलांना मिळावा म्हणून त्याने सहा वर्षं खपून हा खेळ उभा केला. किडे गोळा करणारा मुलगा ओंजळ उघडतो तेव्हा आत काय निघालं ते पाहून हरखतो. एकतीस आहेत का, असं तो विचारत नाही.

बरं, खेळही हेच सांगतो. १९९९ च्या भागात शेवटी कारेन नावाची एक उस्ताद बाई भेटते. हरल्यावर ती म्हणते त्याचा आशय असा, की बलवान आणि दुबळा हा माणसांचा स्वार्थी समज आहे. खऱ्या ट्रेनरने आपल्या आवडत्यांना घेऊन जिंकून दाखवावं. २०१६ पासून तर खेळात बाटलीची बुचं मिळतात. पुरेसा वाढलेला प्राणी आणि एक सोनेरी बूच घेऊन गेलं की सहाही आकडे एकतिसाच्या तोडीचे करून मिळतात! म्हणजे जन्माचे आकडे पुढे मेहनतीने भरून निघतात हे कंपनीनेही कबूल केलं. तरी अंडी फोडणारे फोडतातच.

यावर चिरंजीव निरुत्तर होतील असं मला वाटलं होतं. उलट तोच मला म्हणाला, "तुमच्या बाजूचं एक उदाहरण मी देतो." २०१४ साली वॉशिंग्टनला या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. बहुतेक मंडळी तेच ते दांडगे प्राणी घेऊन आली होती. कोरियाचा सेजून पार्क आला तो पाचिरिसू नावाची एक इवलीशी विजेची खार घेऊन. जाणकारांच्या हिशेबात ती नव्हतीच. त्या खारीने समोरच्यांचे हल्ले स्वतःच्या अंगावर ओढून घेतले, तिच्या आडोशाने जोडीदार लढले, आणि पार्क जगज्जेता झाला. त्याच्या संघात एक गॅराडोसही होता. बंडूचा जातभाई!

"पण बाबा," चिरंजीव पुढे म्हणाले, "त्या खारीचे सहा आकडे त्यानेही तपासलेच असणार."

"असतील. पण नुसते आकडे पाहून ती खार कोणी निवडली नसती. आधी खार निवडली, मग आकडे पाहिले. तू आधी आकडे पाहतोस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग यंत्राकडे बघतच म्हणाला, "क्लासमध्येपण आधी आकडेच पाहतात. मागच्या टेस्टनंतर मला ए बॅचमधून सी बॅचमध्ये टाकलं. तेव्हा तुम्ही तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हता."

ट्रेनर मंडळींवर मी आणखी बरंच तोंडसुख घेणार होतो. पण शेजाऱ्यांना "यंदा आम्ही नव्वदच्या वर आहोत" असं सांगताना परीक्षेला कोण बसलं होतं आणि बिल्ला कोणी लावला होता, हे मला एकदम आठवलं. पाणी पिऊन येतो, असं सांगून मी खोलीतून बाहेर पडलो.

पुढे महिन्याभराने गेम बॉय सुरू केला तर आत काहीच नाही. बंडू नाही, बिल्ले नाहीत, पाकिटातले येन नाहीत. त्या जुन्या कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी असते, तिच्या जिवावर सगळी नोंद टिकते; बॅटरी संपली की खातं साफ. मी काही बोललो नाही. चाळिशीतल्या माणसाने माशासाठी सुतक पाळलेलं घरात दिसायला बरं दिसत नाही.

दोन दिवसांनी चिरंजीव प्रगतिपुस्तक सहीला घेऊन आले. प्रगतिपुस्तकाखाली यंत्रही होतं. "बाबा, मी एक मॅजिकार्प ठेवलाय. बंडू नाव दिलंय. आकडे काही खास नाहीत त्याचे."

"मी आकडे विचारले का?" मी म्हटलं, आणि प्रगतिपुस्तकावर सही करून टाकली.

मग आकडे पाहिले. खोटं कशाला बोलू, पाहिलेच. पण सही आधी केली होती. आमच्या ऑफिसात हे केलं असतं तर मेमो मिळाला असता.