मानकोलीचा नाका आणि भिवंडीचा धडा

पावसाळा सुरू झाला की मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाक्याची चर्चा वृत्तपत्रांतून सुरू होते. खड्डे, वाहनांच्या रांगा, मग निवेदन, रास्ता रोको आणि अखेरीस आश्वासन हा क्रम आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. तक्रार रास्त असते. परंतु केवळ तक्रारीने हे घोंगडे भिजत पडण्यापलीकडे काही घडलेले नाही. असे का व्हावे, हे समजून घ्यावयाचे तर प्रश्नाच्या मुळाशी जाणे क्रमप्राप्त आहे.

मुंबईत जकात होती तोवर माल महानगराच्या वेशीबाहेर साठवून गरजेप्रमाणे आत नेणे व्यापाऱ्यांना किफायतशीर पडे. भिवंडी तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत, कालपरवाच्या भातशेतांवर गोदामे उभी राहिली ती या हिशेबातून. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र हटली नाहीत, उलट घरपोच व्यापाराने ती वाढली. पुढे उल्हास खाडीवरील मोठागाव-मानकोली पुलाने डोंबिवलीची वाहनेही याच नाक्यावर आणून सोडली. गोदामाचे भाडे मालकाच्या पदरात पडते; ताटकळण्याचा खर्च मात्र ट्रकचालक, माथाडी, रिक्षावाला आणि शाळकरी मुले यांच्यात वाटला जातो. ज्याला लाभ त्याच्यावर भार नाही, अशी ही व्यवस्था आहे. त्यात रस्ता एका यंत्रणेचा, नियोजन दुसरीचे, वाहतुकीचे नियमन पोलिसांचे आणि गाव ग्रामपंचायतीचे. तेव्हा प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे वळले तर नवल नाही.

यावर तोडगा शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या वस्तीची जबाबदारी असलेला पोलीस शिपाई यांनी नियमाने एकत्र बसावे, किरकोळ भांडण किरकोळ असतानाच मिटवावे, एवढीच ती कल्पना. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, त्याचे मोठे श्रेय या समित्यांना दिले जाते. संकट आल्यावर धावण्यापेक्षा संकट नसताना भेटत राहणे, हे त्यांचे मर्म होते.

दंगल आणि वाहतुकीची कोंडी यांची तुलना कोणी करू नये. परंतु पद्धत उसनी घेण्यास हरकत नसावी. सामाईक साधनाचा वापर करणाऱ्यांनी स्वतः नियम केले, त्यांवर स्वतःच देखरेख ठेवली, तर ते साधन टिकते, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले, कालवे अभ्यासून दाखवले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते यासाठीच. नाकाही असेच सामाईक साधन आहे.

मानकोली परिसरातील ग्रामपंचायतींनी गोदाममालक, वाहतूकदार, चालक, माथाडी आणि रहिवासी यांची बैठक दरमहा ठरलेल्या दिवशी बोलवावी. रस्त्याचा अभियंता आणि वाहतूक पोलीस अधिकारी तेथे हजर असावेत. मागील बैठकीत कोणी काय कबूल केले, ते प्रथम वाचून दाखवावे. माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळा गोदामांनी आपसांत वाटून घ्याव्यात, ट्रक रस्त्यावर न ठेवता आवारात उभे करावेत, नियम मोडणाऱ्याने दुरुस्तीच्या निधीत भर घालावी. खड्ड्यांची पाहणी मृगापूर्वी व्हावी, श्रावणात नव्हे.

यावर आक्षेप येईल की, शासनाचे काम नागरिकांच्या गळ्यात का मारावे? आक्षेप गैर नाही. रस्ता रुंद करणे, सांडपाण्याचा निचरा करणे ही शासनाचीच जबाबदारी आहे आणि तिच्यातून त्याची सुटका होता कामा नये. किंबहुना दरमहा समोरासमोर उत्तर द्यावे लागणे हीच यंत्रणेला जागे ठेवण्याची खात्रीची रीत होय. मोर्चाला दिलेले आश्वासन मोर्चाबरोबरच विरून जाते. शिवाय समिती एकाच उत्साही अधिकाऱ्याच्या जिवावर चालली तर त्याच्या बदलीबरोबर ती थंडावण्याचा धोका राहतो. म्हणून तिचे निमंत्रक गावानेच व्हावे. गाव करी ते राव काय करी, असे आपण म्हणत आलो आहोत. त्या म्हणीची कसोटी पाहण्यास मानकोलीचा नाका ही योग्य जागा आहे.