एकाचे दोन दिसू लागले तर

वाचकहो, भिंतीवर अचानक दोन घड्याळे दिसू लागली, तर आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा घड्याळ एकच दिसले, तर दोष चष्म्याचा नव्हे. दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

डोळा हलविणारे मज्जातंतू तीन. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रौढांत त्यांपैकी सहावा तंतू बहुधा बारीक रक्तवाहिनी तुंबल्याने लुळा पडतो आणि डोळा बाहेरच्या बाजूस वळेनासा होतो. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा. साधारण ३ महिन्यांत बहुतेकांचा डोळा पूर्ववत वळू लागतो. तोवर एका डोळ्यावर पट्टी लावावी, वाहन चालवू नये. ‘ताकदीचे इंजेक्शन’ पुष्कळजण मागतात. त्याने तंतू लवकर जागा होत नाही. ३ महिन्यांत फरक न पडल्यास स्कॅन टाळू नये.

मात्र पापणी ओघळली, बाहुली मोठी झाली, डोके ठणकू लागले, तर तो तिसरा तंतू. मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा त्याला दाबत असू शकतो, आणि तो फुटला तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी माझ्या दवाखान्याच्या बाकावर ताटकळू नका. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे स्कॅन होणारे रुग्णालय तत्काळ गाठा, रुग्ण मधुमेही असला तरीही.