मांजर ठेवायचं तर आधी विषाचा डबा बंद करा



महिना झाला, एका कबऱ्या मांजरीनं आमच्या खळ्यातल्या शेडमध्ये मुक्काम ठोकलाय. गल्लीतलीच आहे, पण कोणाचीच नाही. जवळ गेलं की फिसकारते अन् कडब्याच्या गंजीत घुसते. पोरांची माय म्हणते, वाटीभर दूध ठेवा, उंदीर तरी कमी होतील. पोरगा म्हणतो, गोणीत घाला अन् गिरणेपलीकडे सोडून या.

मला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात.

आधी गोणीवाल्यांना सांगतो. खळ्यात दादर आहे, मका आहे, म्हणून उंदीर आहेत, अन् उंदीर आहेत म्हणून मांजर आलं. हे नेऊन सोडलं तर दुसरं येईल. आणि उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. बैल म्हातारा झाला म्हणून नदीत सोडणाऱ्याला आपण काय म्हणू? मग मांजराला वेगळा न्याय का?

आता दूधवाले. वाटी ठेवली म्हणजे मांजर पाळलं असं होत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काळी मांजरी होती. दूध-भाकरी रोज मिळायची. त्याच शेडमध्ये पोत्यांच्या मागे मी ब्रोमाडिओलोनचे केक टाकले होते. हे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त फिरतो, आणि असाच उंदीर मांजराला आयता सापडतो. आमची मांजरी खाणं सोडून कोपऱ्यात बसली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "उंदराचं औषध कुठं टाकलंय?" यावर व्हिटॅमिन के-1 चा इलाज आहे, पण वेळेत गेलो तर. मी तिसऱ्या दिवशी गेलो. दूध पाजणारा मीच अन् मारणारा पण मीच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मांजर आणि विषारी केक एका खळ्यात ठेवायचे नाहीत. दोन्हींतलं एक निवडा. झिंक फॉस्फाईड लवकर मारतं, म्हणून ते चालेल असं कोणी सांगेल. मेलेल्या उंदराच्या पोटात ते शिल्लक असतं, आणि त्याला उतारा नाही.

मांजरानं सगळं भागेल असंही समजू नका. बिळातली मोठी घूस त्याला आवरत नाही. केळीतल्या ठिबकच्या नळ्या कुरतडायच्या थांबणार नाहीत. शेतात बांध साफ ठेवणं, बिळं खोदून बुजवणं, घुबडाला बसायला थांबे लावणं हे आपल्यालाच करावं लागेल, अन् तेही शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात. नाहीतर शेजारचे उंदीर आपल्याकडे येतात. मांजराचा उपयोग खळ्यात, धान्याजवळ.

ठेवायचं ठरलं तर पुढचं पण करा. मांजरीला साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात, वर्षात दोन-तीन वेळा. जाळीच्या पिंजऱ्यात धरून पशुवैद्यकाकडे न्या, ऑपरेशन करा, तिथंच रेबीजची लस टोचून घ्या. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजराला उपाशी ठेवलं तर जास्त उंदीर धरतं, हा गैरसमज काढून टाका. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, आणि खायला मिळतं तिथंच टिकतं.

मी ठरवलंय, कबरी राहील. केकचा डबा काढून ठेवलाय, चार पिंजरे लावलेत. अडचण एकच, मांजराला बांध कळत नाही. शेजारच्या भाऊंच्या शेडमध्ये अजून केक आहेत. काल त्यांना सांगायला गेलो. ते हसून म्हणाले, "माझं पोतं कुरतडलं तर तुझी मांजर भरून देईल का?" प्रश्न चुकीचा नाही. मी माझ्यातले दोन पिंजरे त्यांच्याकडे ठेवून आलो.

तुमच्या खळ्यात सध्या काय आहे, केक की मांजर? दोन्ही असतील तर आज डबा उचला, मग वाटीत दूध ओता.