करार खेळाडूचा, भरवसा लीगचा

जे. पी. नगर, बंगळुरू : व्यावसायिक फुटबॉलपटूच्या करारावर दोघांच्या सह्या असतात, खेळाडूची आणि क्लबची. मात्र ज्या स्पर्धेच्या भरवशावर हा करार केला जातो, ती लीग त्यावर सही करीत नाही. लीगच थांबली तर करारातील वेतनाचे, मुदतीचे आणि खेळाडूच्या भवितव्याचे काय होते, हा प्रश्न २०२५ च्या पावसाळ्यात भारतीय फुटबॉलसमोर उभा राहिला. त्याची सर्वाधिक चर्चा झाली ती बंगळुरूमध्ये.

इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम तूर्त स्थगित ठेवण्यात येत असल्याचे आयोजक कंपनी फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड, अर्थात एफएसडीएलने ११ जुलै २०२५ रोजी क्लबना कळविले. त्यानंतर ४ ऑगस्ट रोजी बंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघातील खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. याच संघाने १२ एप्रिल रोजी कोलकात्यात लीगचा अंतिम सामना खेळला होता आणि जादा वेळेत मोहन बागानकडून २-१ असा पराभव स्वीकारला होता. अंतिम फेरी गाठणाऱ्या खेळाडूंचे वेतन चार महिन्यांच्या आत थांबले. पाठोपाठ चेन्नईयिन एफसीने मुख्य संघाचे कामकाज स्थगित केले, तर ओडिशा एफसीने खेळाडूंचे करारच स्थगित ठेवले.

युवा संघ आणि मुलांच्या फुटबॉल शाळा यांवर या निर्णयाचा परिणाम होणार नाही, असे बंगळुरू एफसीने त्याच वेळी स्पष्ट केले होते. जे. पी. नगर, जयनगर यांसारख्या दक्षिण बंगळुरूतील वसाहतींमध्ये शुल्क भरून मुलांना फुटबॉलच्या वर्गाला घालणारी असंख्य कुटुंबे आहेत. त्यांच्या दृष्टीने ही स्थिती विचित्र होती. शिडीच्या खालच्या पायऱ्या जागेवर होत्या आणि ती जिथे पोहोचते तो मजलाच बंद झाला होता.

पेच कशामुळे?

या पेचाचे मूळ २०१० मधील एका करारात आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वर्षी आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात आयएमजी-रिलायन्सला दिले. पुढे हे हक्क एफएसडीएलकडे आले आणि त्यांच्याच आधारे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. हक्कांची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती, म्हणजे हंगामाच्या ऐन मध्यावर. दुसरीकडे महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होते आणि त्यामुळे महासंघाला नव्या कराराची बोलणी करता येत नव्हती.

मुदत संपण्याची तारीख १५ वर्षे आधीपासून सर्वांना ठाऊक होती. तरीही त्या तारखेपलीकडे जाणारे करार खेळाडूंशी केले जात होते. भारतीय फुटबॉलमधील जोखमीचे हे नेमके स्थान आहे. क्लब दोन किंवा तीन वर्षांचे वचन देत होते, मात्र ज्या लीगच्या उत्पन्नातून ते वचन पाळायचे, तिची शाश्वती काही महिन्यांपुरतीच उरली होती.

सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी घटनेसंबंधी निकाल दिल्यानंतर ऑक्टोबरमध्ये महासंघाने निविदा मागविल्या. वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये किंवा एकूण महसुलाच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती महासंघाला द्यावी, अशी अट होती. ७ नोव्हेंबर या अखेरच्या तारखेपर्यंत एकही निविदा आली नाही. दरम्यान ऑक्टोबरअखेर गोव्यात सुरू झालेल्या सुपर कपमुळे खेळाडूंना मोजके सामने मिळाले, इतकेच. डिसेंबरच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीतून अंग काढून घेतले. जानेवारी २०२६ च्या प्रारंभी सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन आदी खेळाडूंनी जागतिक संघटना फिफाकडे जाहीर साद घातली. अखेर ६ जानेवारी रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून १४ संघांचा, ९१ सामन्यांचा आखूड हंगाम खेळविण्याची घोषणा केली.

नियम काय सांगतात?

कागदावर पाहता फुटबॉलपटूला लाभलेले संरक्षण भक्कम आहे. फिफाच्या नियमांनुसार करार किमान चालू हंगाम संपेपर्यंतचा असावा लागतो आणि तो साधारणपणे पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही. खेळ खालावला एवढ्याच कारणाने क्लबला करार मोडता येत नाही, मोडल्यास भरपाई द्यावी लागते. दोन महिन्यांचे वेतन थकल्यास खेळाडू क्लबला नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत देऊ शकतो आणि त्यानंतर करारातून मुक्त होऊ शकतो.

प्रत्यक्षात मात्र हा हक्क बजावणे सोपे नसते. मुक्त झालेल्या खेळाडूने जायचे कुठे? नवीन नोंदणी साधारणपणे ठरावीक काळातच, ज्याला ट्रान्स्फर विंडो म्हणतात त्या कालावधीत होते. शिवाय संपूर्ण लीगच थांबलेली असताना देशातील दुसरा क्लबही त्याच विवंचनेत असतो. परदेशी खेळाडूला अन्य देशांचे दार उघडे असते. केरळ ब्लास्टर्सचा कर्णधार एड्रियन लुना इंडोनेशियातील क्लबकडे उसनवारीवर गेला, तो याच काळात. भारतीय खेळाडूंपैकी फारच थोड्यांना तशी संधी मिळते. वादाची दादही परदेशी खेळाडू थेट फिफाकडे मागू शकतो, तर भारतीय खेळाडूचा भारतीय क्लबशी असलेला वाद देशांतर्गत महासंघाच्या समितीपुढे जातो.

अमेरिकेतील उलटे चित्र

अमेरिकन फुटबॉलची नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, या बाबतीत बरोबर उलट आहे. तेथील खेळाडूइतका अस्थिर रोजगार क्वचितच असेल. सरावाच्या काळात प्रत्येक संघात ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टअखेर ही संख्या ५३ वर आणावी लागते. संघ ३२ आहेत. म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वी अकराशेहून अधिक खेळाडूंची नावे यादीतून वगळली जातात. कराराचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यातील हमी दिलेली रक्कमच खरी मानली जाते, उर्वरित रक्कम संघात टिकलात तर मिळते. तेथील खेळाडू संघटनेच्या मते सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नसते.

असे असूनही तेथील अनिश्चितता नियमांच्या चौकटीत बसविलेली आहे. कोणत्या दिवशी यादी जाहीर होणार, वगळलेल्या नवोदित खेळाडूवर दुसऱ्या संघाने किती तासांत दावा सांगायचा, दुखापत झाल्यास काय द्यायचे, हे सारे लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करारात लिहिलेले असते. प्रत्येक संघाला सरावासाठी १६ राखीव खेळाडू ठेवता येतात, आणि २०२५ च्या हंगामात अशा खेळाडूलाही आठवड्याला किमान १३,००० डॉलर मिळत होते. तीन हंगाम पूर्ण करणाऱ्याला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. तेथे खेळाडू आपली जागा गमावू शकतो, पण सप्टेंबरमध्ये लीग होणार की नाही, याची चिंता त्याला सहसा करावी लागत नाही. भारतात २०२५ मध्ये करार कायम होते आणि लीग बेपत्ता होती.

योगायोग असा, की भारतातही एकेकाळी ‘एनएफएल’ होती. १९९६ ते २००७ या काळात देशाच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेचे नाव नॅशनल फुटबॉल लीग हेच होते. २००५-०६ मध्ये ती जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद झाला.

महाराष्ट्राचा अनुभव

संघ बंद होण्याचा हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये विजेतेपद पटकावले, परंतु २०२३-२४ मध्ये वेतन थकले, बहुतेक प्रमुख खेळाडू निघून गेले आणि नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर फिफाने बंदी घातली. २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला हलवून त्याला नवे नाव देण्यात आले. एकाच जागेने दहा-बारा वर्षांत तीन शहरे पाहिली. जागा टिकली, खेळाडू मात्र प्रत्येक वेळी नव्याने काम शोधीत राहिले.

यापूर्वीच्या पिढीला निराळा आधार होता. मुंबईत एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे आणि बंगळुरूत एचएएल, आयटीआय यांचे संघ असत. त्यांत खेळणाऱ्या अनेकांच्या पाठीशी कार्यालयातील नोकरी असे. मानधन बेताचे होते, पण गुडघा दुखावला किंवा संघातून नाव गेले तरी महिन्याचा पगार चालू राही. व्यावसायिक परवान्याचे निकष आल्यानंतर २०१३ मध्ये एअर इंडियाला आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. हे निकष आवश्यक होते, त्यांनी मैदाने सुधारली आणि प्रशिक्षणाचा दर्जा वाढला. मात्र नोकरीचा जो आधार गेला, त्याच्या जागी दुसरी तरतूद झाली नाही. वेतन अनेक पटींनी वाढले आणि सुरक्षितता घटली.

पुढे काय?

आखूड हंगामाच्या घोषणेने तातडीचा प्रश्न सुटला, मूळ प्रश्न शिल्लक आहे. क्लबला परवाना देताना काही महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम बँकहमीच्या रूपाने आधीच ठेवून घेणे, हा एक मार्ग आहे. हंगाम न झाल्यास वेतनाचा किती भाग द्यावा, हे प्रत्येक कराराच्या मसुद्यात आधीच लिहून ठेवणे, हा दुसरा. असे कलम नसले की ‘नियंत्रणाबाहेरील परिस्थिती’ या शब्दांचा अर्थ लावण्याचे काम क्लबच्या सोयीवर सोडले जाते.

तिसरा मार्ग संघटनेचा आहे आणि तो सर्वांत कठीण आहे. अमेरिकेतील खेळाडू संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली आणि सामूहिक कराराची ताकद तिने दशकानुदशके संघर्ष करून मिळविली. भारतात फुटबॉलपटूंची संघटना २००६ पासून आहे, पण लीगच्या भवितव्यावर निर्णय होतात त्या टेबलावर तिला बांधील स्वरूपाचे स्थान नाही. २०२५ मध्ये खेळाडूंना समाजमाध्यमांवरून आवाहन करावे लागले, यातच ही उणीव दिसून आली.

छेत्रीसारख्या खेळाडूच्या आवाहनाची दखल देशभर घेतली जाते. खरी झळ बसते ती संघातील पंचविसाव्या-तिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूला. त्याचा करार वर्षा-दोन वर्षांचा असतो, घर त्याच वेतनावर चालत असते आणि कारकिर्दीतील एक हंगाम वाया गेला तर तो परत मिळत नाही. नव्या व्यावसायिक भागीदाराशी होणारा पुढचा दीर्घकालीन करार महासंघाला किती कोटी देतो, याची चर्चा होईलच. या खेळाडूच्या वेतनाची हमी कोण घेणार, याचे उत्तर त्याच करारात लिहिले गेले, तरच २०२५ च्या उन्हाळ्यानंतर जे घडले त्याची पुनरावृत्ती टळू शकेल.